डोंगरातल्या भुंगेऱ्याला नाव मिळतं कसं?

‘सह्याद्रीत नव्या प्रजातीचा शोध’ अशी बातमी अधूनमधून वर्तमानपत्रात येते. कधी ती पालीची असते, कधी बेडकाची, कधी गोड्या पाण्यातल्या खेकड्याची. बातमीत फोटो असतो, ठिकाण असतं, संशोधकांची नावं असतात. पण तो प्राणी हाती लागल्यापासून त्याला नाव मिळेपर्यंत काय काय घडलं, हे सांगायला बातमीत जागा नसते. खरं काम तर त्या मधल्या काळातच झालेलं असतं. पॅरिसच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातल्या संशोधकांनी 2012 साली या काळाचा हिशेब मांडला होता. नमुना गोळा झाल्यापासून त्याचं वर्णन प्रसिद्ध होईपर्यंत सरासरी 21 वर्षं जातात, असं त्यांना आढळलं.

एवढा वेळ का लागतो आणि त्या काळात काय चालतं, हे समजून घ्यायला डोंगरातले रोव्ह बीटल फार उपयोगी आहेत. ते लहान असतात, संख्येने अफाट असतात आणि वरवर पाहता एकमेकांसारखे दिसतात. अशा जीवाबद्दल ‘हा नवा आहे’ असं छातीठोकपणे म्हणायचं, तर प्रत्येक पायरी नीट चढावी लागते. त्या पायऱ्या एकेक करून पाहू.

आखूड पंखांचं मोठं कुळ

भुंगेरे म्हणजे ढालपंखी कीटक. त्यांच्या पंखांची वरची जोडी कडक असते आणि खालच्या नाजूक जोडीला झाकून ठेवते. बहुतेक भुंगेऱ्यांत ही ढाल जवळजवळ पूर्ण पोट झाकते. रोव्ह बीटलचं तसं नाही. त्यांच्या कुळाचं नाव स्टॅफिलिनिडी. या कुळातल्या बहुतेक प्रजातींचे कडक पंख इतके आखूड असतात की पोटाचा मोठा भाग उघडाच राहतो. त्यामुळे पहिल्या नजरेत हा भुंगेरा वाटतच नाही. लांबट मुंगी किंवा वाळवीसारखा कुणी किडा असावा असं वाटतं. डिवचलं की बरेचसे रोव्ह बीटल विंचवासारखं पोटाचं टोक वर उचलतात.

आखूड ढालीखाली उडायचे लांब पंख मावतात कसे, हेही पाहण्यासारखं आहे. पोटाच्या हालचालींनी ढकलत ढकलत ते घड्या घालून आत सरकवले जातात. जपानी संशोधकांनी 2014 मध्ये वेगवान कॅमेऱ्याने ही क्रिया टिपली, तेव्हा डाव्या आणि उजव्या पंखाच्या घड्या वेगवेगळ्या पडतात हे दिसून आलं.

आजवर या कुळातल्या 60,000 हून अधिक प्रजातींची वर्णनं झाली आहेत. प्राणिसृष्टीतल्या सर्वांत मोठ्या कुळांपैकी हे एक. बहुतेक प्रजाती एक सेंटिमीटरही भरत नाहीत. पालापाचोळा, शेवाळ, कुजकं लाकूड, शेण, अळंब्या, ओढ्याकाठची वाळू अशा ओलसर जागी त्या राहतात आणि बहुतेक जणी माइट, स्प्रिंगटेल, अळ्या असले बारीक जीव खातात.

महाराष्ट्रातल्या पुष्कळ लोकांनी या कुळातला एक वंश अंगावर अनुभवलेला असतो, फक्त त्याचं नाव त्यांना ठाऊक नसतं. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा, काळा-नारिंगी, लांबट किडा मानेवर बसतो, आपण तो हाताने चिरडतो आणि दुसऱ्या दिवशी तिथे भाजल्यासारखी लाल रेघ उठते. तो पेडेरस. त्याच्या शरीरातल्या द्रवात पेडेरिन नावाचं विष असतं आणि ते विष प्रत्यक्षात त्याच्या शरीरात राहणारे जिवाणू तयार करतात. पेडेरसच्याच उपकुळात लॅथ्रोबियम नावाचा वंश आहे. युरोपपासून हिमालय, चीन, तैवान, जपानपर्यंत तो पसरला आहे. डोंगरातल्या नव्या प्रजाती कशा ठरतात हे सांगायला मी पुढे मुख्यतः याच वंशाचा आधार घेणार आहे.

डोंगर प्रजाती वेगळ्या करतो

उंची वाढली की हवा गार होते. ढोबळ मानाने हजार मीटरला साडेसहा अंश. गारव्याला आणि ओलाव्याला सरावलेल्या किड्याला त्यामुळे डोंगराचा ठरावीक पट्टाच मानवतो. हिमयुगात हवामान थंड होतं, तेव्हा असे गार पट्टे खालीपर्यंत उतरले होते आणि शेजारशेजारचे डोंगर त्यांनी जोडले गेले होते. पुढे हवा तापत गेली, पट्टे वर सरकले आणि प्रत्येक डोंगरमाथ्यावरची वस्ती एकटी पडली. जीवशास्त्रज्ञ अशा माथ्यांना ‘आकाशबेटं’ म्हणतात.

याचं आपल्या जवळचं उदाहरण पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला आहे. निलगिरी आणि अनैमलाई यांच्यामध्ये पालघाटची 30-40 किलोमीटर रुंद खिंड आहे. तिथल्या शोला जंगलांतल्या काही पक्ष्यांचा अभ्यास करून संशोधकांनी 2017 मध्ये शोलिकोला आणि मोंटेसिंक्ला हे दोन नवे वंश मांडले. वेगवेगळ्या डोंगररांगांवरचे हे पक्षी एकमेकांपासून दीर्घकाळ वेगळे पडून स्वतंत्र प्रजाती झालेले आहेत. पंख असलेल्या पक्ष्यांनाही खिंडीची उष्ण सखल जमीन ओलांडणं जमलं नाही, तर पालापाचोळ्यातून चालणाऱ्या पाच-सहा मिलिमीटरच्या किड्याचं काय होईल?

डोंगरातले बरेचसे लॅथ्रोबियम तर उडणंच विसरले आहेत. पालापाचोळा हजारो वर्षं जागच्या जागी मिळत असेल, तर उडून नवी जागा शोधायची गरज उरत नाही. पंख आणि ते हलवणारे स्नायू पोसण्यात जाणारी ताकद मग अंडी घालायला वापरता येते. पिढ्यानपिढ्या हे घडलं की पंख खुरटतात, डोळे लहान होतात, रंग फिका पडतो. चीनच्या डोंगररांगांत अशा बिनपंखी लॅथ्रोबियमच्या कितीतरी प्रजाती एकेका डोंगरापुरत्या मर्यादित आहेत. युरोपातल्या आल्प्स आणि पिरेनीज पर्वतांत लेप्टुसा नावाच्या दुसऱ्या वंशाची हीच कथा आहे. म्हणूनच रोव्ह बीटलचा अभ्यासक ज्या डोंगरावर आधी कुणी पालापाचोळा चाळलेला नाही, त्या डोंगराकडे आशेने पाहतो.

चाळण, पिशवी आणि चिठ्ठी

गोळा करण्याची पद्धत साधी आहे, कष्टाची आहे. झाडाच्या बुंध्याशी, दगडांच्या फटीत, ओढ्याच्या कडेला साठलेला ओला पालापाचोळा हाताने उचलायचा आणि जाड भोकांच्या चाळणीतून झटकून काढायचा. पानं-काटक्या वर राहतात, बारीक माती आणि तिच्यातले जीव खालच्या कापडी पिशवीत पडतात. हा चाळ मग जाळीच्या पिशव्यांत भरून कापडी आवरणात टांगून ठेवतात. या साधनाला विंकलर पिशवी म्हणतात. चाळ हळूहळू वाळत जातो, ओलाव्याच्या शोधात किडे खाली सरकतात आणि तळाशी लावलेल्या अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. दिवा लागत नाही, वीज लागत नाही. म्हणून डोंगरातल्या मुक्कामाला ही पद्धत सोयीची.

याआधी एक कागदी टप्पा पार पडलेला असतो. राखीव जंगलात, अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात काहीही गोळा करायचं तर वनखात्याची परवानगी लागते. ती नसेल तर पुढचं सगळं काम वाया जातं, कारण अशा नमुन्यांवर आधारलेला लेख चांगलं नियतकालिक स्वीकारत नाही.

बाटलीत त्याच वेळी एक चिठ्ठी टाकली जाते: राज्य, जिल्हा, डोंगराचं नाव, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, जागेचं वर्णन, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. ही चिठ्ठी किड्याइतकीच मोलाची असते. शंभर वर्षांपूर्वीच्या नमुन्यांवर कित्येकदा ‘पश्चिम अल्मोडा, कुमाऊँ’ एवढाच मजकूर असतो. कुमाऊँ म्हणजे तराईपासून हिमशिखरांपर्यंतचा मुलूख. किडा कोणत्या उंचीवरचा, ओकच्या जंगलातला की देवदाराच्या, हे त्या तीन शब्दांतून कळत नाही. चिठ्ठी नीट असेल तर पन्नास वर्षांनी दुसरा माणूस त्याच उतारावर जाऊन तोच किडा शोधू शकतो.

टेबलावरचं काम

डोंगरावरून परतल्यावर सुटीच्या दिवसांत होणारं हे काम नाही. इथून पुढे महिने आणि वर्षं लागतात. बाटलीतला माल आधी कुळांनुसार निवडावा लागतो. रोव्ह बीटल वेगळे काढले की त्यांतले वंश वेगळे करायचे. मग एकेक किडा छोट्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाने चिकटवायचा आणि पुठ्ठा टाचणीला लावायचा. डिंक विरघळणारा असतो तो मुद्दाम. उद्या दुसऱ्या अभ्यासकाला किड्याची खालची बाजू पाहायची असेल, तर त्याला तो सुखरूप सोडवता आला पाहिजे.

त्यानंतर मोजमाप. इथे रोव्ह बीटलची स्वतःची एक अडचण आहे. त्याच्या पोटाचे खंड एकमेकांत सरकतात. अल्कोहोलमध्ये एखाद्याचं पोट ताणलेलं राहतं, एखाद्याचं आखडतं. एकाच प्रजातीचे दोन नमुने त्यामुळे लांबीला बरेच वेगळे भरू शकतात. म्हणून पूर्ण लांबी दिली, तरी भरवसा ठेवतात तो पुढच्या भागाच्या लांबीवर: डोक्याच्या पुढच्या कडेपासून कडक पंखांच्या मागच्या कडेपर्यंत. शिवाय डोक्याची लांबी-रुंदी, डोळ्याची लांबी, छातीच्या ढालीची लांबी-रुंदी, कडक पंखांची लांबी ही मापं घेतात. नुसत्या मापांपेक्षा त्यांची गुणोत्तरं जास्त बोलकी असतात, कारण एकाच प्रजातीत किडे लहान-मोठे असले तरी प्रमाण साधारण टिकून राहतं.

आता सूक्ष्मदर्शकाखाली लॅथ्रोबियमचा एक नमुना नीट पाहू. अंग लांबट, तपकिरी-लालसर. डोक्यावर बारीक खळगे आहेत; ते किती दाट आहेत आणि त्यांच्यामधली जागा गुळगुळीत चकचकीत आहे की तिच्यावर जाळीदार नक्षी आहे, याची नोंद होते. डोळा गालाच्या मानाने किती मोठा, हे पाहिलं जातं. कडक पंख छातीच्या ढालीपेक्षा आखूड आहेत. आता नजर पोटाच्या सातव्या खंडावर न्यायची. उडणाऱ्या रोव्ह बीटलच्या सातव्या खंडाच्या पाठीवरच्या पट्टीला मागच्या कडेने पांढुरकी, अगदी बारीक झालर असते. आपल्या नमुन्यात ती कड कोरी आहे. पंख उचकटून पाहण्याआधीच अनुभवी माणूस ओळखतो की हा किडा उडत नाही. ही एवढीशी कोरी कड त्या डोंगराचा इतिहास सांगते: इथलं जंगल पुष्कळ काळ टिकून आहे आणि हा किडा त्याच्या आधारानेच इथे राहिला आहे.

ओळख पटते ती पोटाच्या टोकाशी

बाहेरून एवढं पाहूनही प्रजाती ठरत नाही. शेजारच्या दोन डोंगरांवरचे दोन लॅथ्रोबियम रंगाने, मापाने, खळग्यांनी हुबेहूब असू शकतात. त्यांचा फरक नराच्या जननेंद्रियात आणि त्याच्या पोटाच्या शेवटच्या खंडांवर असतो.

नराच्या पोटाच्या खालच्या बाजूची सातवी आणि आठवी पट्टी आधी तपासतात. मागच्या कडेला खाच आहे का, असल्यास ती मध्यावर आहे की एका अंगाला, तिच्या आसपास आखूड, जाड, काळे केस आहेत का, असल्यास कसे मांडलेले आहेत, हे टिपून घ्यायचं. मग पोटाचं टोक अलगद वेगळं करायचं. वाळलेला नमुना असेल तर तो आधी कोमट पाण्यात मऊ करून घ्यावा लागतो. बारीक सुईने जननेंद्रिय बाहेर काढून ते पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात ठेवतात. स्नायू आणि चरबी विरघळून जातात, कायटिनचा कडक सांगाडा तेवढा स्वच्छ उरतो. एक मिलिमीटरच्या आसपासची ही वस्तू. ती ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून बाजूने आणि खालून अशी दोन्हीकडून पाहायची, कारण बाजूने दिसणारा बाक खालून कळतच नाही. पोटाकडच्या बाजूला एक टोकदार अवयव असतो. तो सरळ आहे की वाकडा, टोकाशी निमुळता की पसरट, दोन्ही अंगांनी सारखा की एकीकडे कललेला, यावर बहुतेक वेळा प्रजातीचा निकाल लागतो.

या इंद्रियातच एवढी विविधता का, हा जुना प्रश्न आहे. लेओं द्युफूर या फ्रेंच अभ्यासकाने 1844 मध्ये कुलूप-किल्लीचा विचार मांडला: नराचा अवयव स्वतःच्याच प्रजातीच्या मादीला जुळतो, म्हणून संकर टळतो. पुढे 1985 मध्ये विल्यम एबरहार्ड यांनी वेगळं स्पष्टीकरण दिलं. माद्या काही नरांना झुकतं माप देतात आणि त्या निवडीच्या दबावाखाली हे अवयव झपाट्याने बदलत जातात, असं ते म्हणाले. कारण कोणतंही असो, वर्गीकरण करणाऱ्याला त्याचा फायदा होतो. बाकी शरीर सारखंच राहिलं असताना हा अवयव बदललेला असतो.

यातूनच एक शिस्त येते. एखाद्या डोंगरावरून फक्त माद्या मिळाल्या, तर लॅथ्रोबियमचा जाणता अभ्यासक बहुधा त्यांना नाव देत नाही. त्या नवीन असाव्यात अशी दाट शंका असली, तरी नर मिळेपर्यंत पेटी बंद ठेवतो. नमुना मिळण्यापासून नाव मिळेपर्यंतच्या वर्षांतली काही अशी नराची वाट पाहण्यात जातात.

आधीच कुणी नाव दिलेलं नाही ना?

आपल्या नराचा अवयव आपण पाहिलेल्या कुणाशीच जुळत नाही, एवढ्यावर तो नवा ठरत नाही. आजवर नावं मिळालेल्या सगळ्या जवळच्या प्रजातींशी त्याची तुलना व्हावी लागते. सगळ्यांत जास्त कस इथे लागतो.

प्राण्यांच्या नामकरणाची सुरुवात 1 जानेवारी 1758 पासून मोजतात. लिनेअसच्या ‘सिस्टेमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीचं ते साल. त्यानंतर जे नाव आधी प्रसिद्ध झालं ते ग्राह्य, हा मूळ नियम. म्हणजे 1850 साली कुणी जर्मन मासिकात चार ओळींचं लॅटिन वर्णन छापलं असेल, तर तेही शोधून वाचावं लागतं. सुदैवाने याद्या आहेत. अमेरिकेतल्या ली हर्मन यांनी 2001 मध्ये रोव्ह बीटलच्या पुष्कळशा उपकुळांची सात भागांची सूची प्रसिद्ध केली. ती चार हजारांहून अधिक पानांची आहे. भारतासाठी पायाभूत ग्रंथ म्हणजे ‘द फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतले माल्कम कॅमेरॉन यांचे चार खंड. ते 1930 ते 1939 या काळात निघाले. कॅमेरॉन मुळात ब्रिटिश नौदलातले शल्यचिकित्सक. त्यांनी स्वतः हिमालयात किडे गोळा केले आणि इतरांनी धाडलेले तपासले. निलगिरीतून एच. एल. अँड्र्यूज यांचे नमुने आले, कुमाऊँमधून हॅरी चँपियन यांचे. भारतातल्या जंगलांच्या प्रकारांची जी विभागणी आजही वनखात्यात वापरतात, ती करणारे वनाधिकारी हेच चँपियन.

कॅमेरॉनची वर्णनं काळजीपूर्वक केलेली आहेत, पण त्या काळी जननेंद्रिय काढून पाहण्याची रीत सार्वत्रिक नव्हती. रंग, खळगे, प्रमाण यांवर लिहिलेलं वर्णन आपल्या किड्याला लागू पडतं आणि शेजारच्या दोघांनाही लागू पडतं. मग एकच उपाय: मूळ नमुना पाहणं. कॅमेरॉनचा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. तिथे जायचं, नमुना मागवायचा किंवा तिथल्या माणसांकडून नेमके फोटो मिळवायचे. कधी कळतं की जुन्या लेखकाने एका नावाखाली ठेवलेल्या पाच किड्यांत प्रत्यक्षात दोन प्रजाती आहेत. तेव्हा त्यांतला एक नमुना नावाचा कायमचा धारक म्हणून निवडावा लागतो. त्याला लेक्टोटाइप म्हणतात. म्हणजे नवं नाव देण्याआधी जुन्या नावाचा घोळ निस्तरावा लागतो.

संग्रहालयाच्या खणातून उलट प्रकारचा आनंदही मिळतो. चार्ल्स डार्विन यांनी 1832 साली अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लँका इथे एक मोठा, चमकदार रोव्ह बीटल पकडला होता. तो लंडनच्या संग्रहालयात नावाविना पडून राहिला. स्टिलियानोस चाट्झिमानोलिस यांनी तिथून अभ्यासासाठी मागवलेल्या नमुन्यांत तो सापडला आणि 12 फेब्रुवारी 2014 रोजी, डार्विन यांच्या जन्मदिनी, नव्या वंशाची नवी प्रजाती म्हणून प्रसिद्ध झाला. नाव डार्विनिलस सेडारिसी. किडा पकडला गेला तेव्हा डार्विन तेवीस वर्षांचे होते. त्याला नाव मिळायला 180 हून जास्त वर्षं लागली. नवी प्रजाती शोधायची तर डोंगर चढावा लागतो तसे खणही उघडावे लागतात.

डीएनएची साक्ष

आता डीएनए तपासून लगेच निकाल लावता येणार नाही का, असं कुणीही विचारेल. डीएनएचा उपयोग होतोच. कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी 2003 पासून रूढ केलेल्या ‘बारकोड’ पद्धतीत सीओआय या जनुकाचा 658 अक्षरांचा तुकडा वाचतात. किड्याचा एक पाय पुरतो. नर आणि मादी एकाच प्रजातीचे आहेत का, अळी कुणाची आहे, दोन डोंगरांवरचे किडे किती काळापासून वेगळे पडले असावेत, या प्रश्नांना यामुळे चांगली दिशा मिळते.

पण हा क्रम ताडून कशाशी पाहायचा? कुमाऊँतून शंभर वर्षांपूर्वी टाचणीला लागलेल्या किड्यात डीएनए तुटून विखुरलेला असतो. तेव्हा त्याच्या नावाशी जुळणी होते ती अजूनही शरीराच्या रचनेवरूनच. म्हणून चांगल्या लेखात दोन्ही साक्षी असतात आणि त्या एकाच दिशेने बोलतात का, हे पाहिलं जातं.

एका नमुन्यावर टांगलेलं नाव

तुलना पुरी झाली, किडा नवा ठरला. आता वर्णन लिहायचं. इथे नियम आहेत आणि ते आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेत दिलेले आहेत. सध्याची चौथी आवृत्ती 1 जानेवारी 2000 पासून लागू आहे. आपण नवी प्रजाती मांडत आहोत हे स्पष्ट लिहावं लागतं. तिला इतरांपासून वेगळं करणारी लक्षणं शब्दांत द्यावी लागतात. नुसता फोटो चालत नाही. नावाचा आधार असलेला नमुना ठरवून तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवणार आहे, तेही सांगावं लागतं.

हा आधारनमुना म्हणजे होलोटाइप. लॅथ्रोबियममध्ये तो बहुधा सुस्थितीतला नर असतो. त्याच्या टाचणीवर लाल चिठ्ठी लागते आणि नाव कायमचं त्या एका किड्याशी बांधलं जातं. उद्या लेखकाचं वर्णन अपुरं ठरलं, चित्र चुकलं, लेखक स्वतः या जगात नसला, तरी ‘या नावाचा किडा नेमका कोणता?’ या प्रश्नाचं उत्तर त्या टाचणीवर मिळतं. बाकीचे तपासलेले नमुने पॅराटाइप ठरतात. ते दुसऱ्या संग्रहालयांना वाटून देतात, म्हणजे एका ठिकाणी आग लागली किंवा बुरशी आली तरी सगळं जात नाही.

भारतात याला कायद्याचीही जोड आहे. जैवविविधता कायदा, 2002 च्या कलम 39 नुसार नवी प्रजाती शोधणाऱ्याने ती अधिकृत संग्रहाला कळवायची आणि नमुने तिथे जमा करायचे असतात. 1916 मध्ये स्थापन झालेलं भारतीय प्राणी सर्वेक्षण हा त्यांतला प्रमुख संग्रह. मुख्यालय कोलकात्याला, पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला.

लेखाची रचना ठरलेली असते: तपासलेले नमुने, भेददर्शक लक्षणं, सविस्तर वर्णन, नावाची व्युत्पत्ती, आढळ आणि अधिवास. यांत भेददर्शक लक्षणांचा परिच्छेद लिहायला सर्वांत अवघड. तो थोडक्यात असावा लागतो आणि वाचणाऱ्याला त्याच्या हातातल्या किड्यावर ताडून पाहता आला पाहिजे. ‘अवयव जरा वेगळा’ असं लिहून भागत नाही. कोणत्या प्रजातीपेक्षा वेगळा, कोणत्या बाजूने पाहिल्यावर आणि कसा, हे सांगावं लागतं. सोबत जुन्या-नव्या प्रजाती एकेका लक्षणाने सोडवत नेणारी ओळखतालिका आणि वेगवेगळ्या खोलीवर घेतलेले फोटो एकत्र करून बनवलेली स्पष्ट चित्रं असतात.

नावाबाबत थोडं स्वातंत्र्य असतं. डोंगराचं नाव, गावाचं नाव, एखादं लक्षण किंवा कुणाचा सन्मान, काहीही चालतं. स्वतःचं नाव न देण्याचा संकेत बहुतेक सगळे पाळतात. विशेषण असेल तर ते वंशाच्या लिंगाप्रमाणे चालवावं लागतं. ‘डोंगरी’ अशा अर्थाचा शब्द घेतला, तर पुल्लिंगी स्टेनससोबत मोंटानस, स्त्रीलिंगी लेप्टुसासोबत मोंटाना आणि नपुंसकलिंगी लॅथ्रोबियमसोबत मोंटानम असं रूप होतं. त्याच वंशात तेच नाव आधी कुणी वापरलेलं नाही ना, हेही पाहायचं.

मग लेख झूटॅक्सा किंवा झूकीज अशा नियतकालिकाकडे जातो, दुसरे तज्ज्ञ तो तपासतात, शंका काढतात. केवळ ऑनलाइन निघणाऱ्या लेखातलं नाव ग्राह्य धरायला 2012 पासून परवानगी आहे, पण झूबँक या नोंदवहीत त्याची आधी नोंद झालेली असावी लागते. लेख प्रसिद्ध होतो त्या दिवशी प्रजातीला नाव मिळतं. नोंदीत तीच तारीख राहते. किडा चाळणीत पडला ती नव्हे.

हे सगळं कशासाठी?

डोंगरमाथ्यावरच्या बिनपंखी किड्याला तापत्या हवेपासून पळायला जागा कमी असते. वर सरकायचं तर माथा संपतो, बाजूला जायचं तर मध्ये उष्ण दरी येते. रस्त्यासाठी उतार कापला, पालापाचोळा वणव्यात गेला, तर एका डोंगरापुरती असलेली प्रजाती पूर्णपणे संपू शकते. ती संपली हे कळायला ती होती हे आधी नोंदलेलं असावं लागतं. पर्यावरणाच्या अहवालात, संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत, संरक्षणाच्या मागणीत नाव लिहायची जागा असते. ज्याला नाव नाही त्याची बाजू तिथे मांडताच येत नाही.

प्रत्येक वर्णन हे पुढच्या पिढीसमोर ठेवलेलं, तपासता येणारं विधान असतं. पन्नास वर्षांनी कुणी अधिक नमुने पाहून म्हणेल की या दोन प्रजाती खरं तर एकच आहेत, किंवा ही एक म्हणजे प्रत्यक्षात तीन आहेत. होलोटाइप, चिठ्ठी आणि चित्रं जागेवर असतील तर तो हे सिद्ध करू शकेल. अशी तपासणी शक्य व्हावी म्हणूनच एवढी काटेकोर शिस्त.

या कामाला मोठी यंत्रं लागत नाहीत. या कुळाच्या अभ्यासाचा पाया ज्यांनी घातला, त्यांतले कॅमेरॉन डॉक्टर होते आणि ऑस्ट्रियाचे मॅक्स बर्नहाउअर, ज्यांनी रोव्ह बीटलच्या हजारो प्रजाती वर्णिल्या, ते व्यवसायाने नोटरी होते. चांगला सूक्ष्मदर्शक, जुने लेख मिळवण्याची चिकाटी, संग्रहालयाशी संबंध आणि एकाच गटाशी वर्षानुवर्षं टिकून राहण्याची तयारी एवढं भांडवल असलं की काम सुरू होतं. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांना सह्याद्री तर दाराशीच आहे. तिथल्या प्राणिशास्त्र विभागांनी एकेक डोंगर आणि एकेक कुळ वाटून घेतलं, नमुने नीट चिठ्ठ्यांसह जपले आणि विद्यार्थ्यांना टोकाचे खंड वेगळे करायला शिकवलं, तर पुष्कळ काम पुढे सरकेल. ते हाती घेणारी माणसं आपल्याला हवी आहेत, आणि ती आत्ताच हवी आहेत.